चित्राच्या चौकटीचा सांधा

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे गाव दोन स्थानांसाठी सर्वत्र ओळखले जाते. एक, डोंगरमाथ्यावरील श्रीयमाईचे मूळपीठ. आणि दुसरे, त्याच डोंगराच्या वाटेवर उभे असलेले श्रीभवानी चित्रसंग्रहालय. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर मोठ्या आस्थेने जमविलेला चित्रांचा व शिल्पांचा ठेवा १९३८ साली उभारलेल्या या वास्तूत सुरक्षित आहे. राजा रविवर्मा यांची तैलचित्रे, महादेव विश्वनाथ धुरंधर यांची चित्रे, जुन्या शैलींतील लघुचित्रे आणि हेन्री मूर या विख्यात इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे शिल्प, असा हा संग्रह एका खेडेगावात असावा याचे आजही नवल वाटते. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांनी रंगविलेल्या चित्रांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले.

अशा संग्रहालयात गेलेला रसिक चित्र पाहतो; चौकट पाहत नाही. त्याची नजर चौकटीवर क्षणभर टेकून आत जाते, आणि ती तशी जावी यासाठीच चौकट असते. परंतु चित्राचा, काचेचा आणि पाठीमागच्या फळीचा सारा भार वर्षानुवर्षे ही चौकट वाहत असते. त्या चौकटीचे बळ तिच्या लांब, सरळ, नक्षीदार पट्ट्यांत नसून चार कोपऱ्यांत असते. पट्टी कितीही मोलाची असो, कोपरा सुटला की चौकट राहत नाही. चार लाकडे तेवढी उरतात.

हा कोपरा कसा जोडला जातो, तो का सुटतो, आणि ज्या चिकट द्रव्याने तो जोडला जातो ते मुळात कशाचे बनलेले असते, हे तीन प्रश्न वरवर पाहता केवळ सुताराचे वाटतात. तसे ते नाहीत. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे लाकडाच्या वखारी, प्लायवूड, हार्डवेअर, काच आणि फोटो फ्रेम यांच्या व्यापारात आहेत. आणि ज्यांचा हा व्यापार नाही, त्यांच्याही घरात तीर्थक्षेत्राची एखादी तसबीर आणि दिवंगत वडीलधाऱ्यांची छायाचित्रे भिंतीवर असतातच.

तसबीर घरोघरी कशी पोहोचली

चौकटीत बसविलेले चित्र ही एकेकाळी राजवाड्यांची व वाड्यांची मिरास होती. ती सामान्य घरापर्यंत आली ती छपाईमुळे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. दगडावरून अनेक रंगांत छापलेली देवदेवतांची चित्रे तेथून बाहेर पडली आणि ज्या घरात तैलचित्र कधी येऊ शकले नसते, त्या घरात चार-आठ आण्यांची तसबीर येऊ लागली. कागदाचे चित्र धूर, धूळ आणि ओल यांपासून जपायचे तर त्यावर काच हवी. आणि काच धरायची तर चौकट हवी. छायाचित्रण रुळल्यावर ही गरज आणखी वाढली.

औंध संस्थान हे सलग प्रदेशाचे नव्हते. त्याचे तुकडे आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विखुरलेले होते. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. कुंडल आपणास श्रीपार्श्वनाथ भगवंतांचे क्षेत्र म्हणून परिचित आहे. त्याच कुंडलच्या रेल्वे स्थानकानजीकच्या माळरानावर बाळासाहेबांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. स्वतः लक्ष्मणराव तरुणपणी चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नसल्याने त्यांना तो मार्ग सोडावा लागला आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. चित्राची गोडी आणि मापाचा काटेकोरपणा या दोन्ही गोष्टींना या संस्थानात आश्रय होता. चौकटीच्या कोपऱ्याला नेमके हे दोन गुण लागतात.

सरस आणि त्यामागचा प्रश्न

पूर्वी सुताराकडे लाकूड जोडण्याचे मुख्य साधन म्हणजे सरस. जनावरांची कातडी, हाडे आणि स्नायुबंध पाण्यात दीर्घकाळ शिजवून, त्यातून निघणारा चिकट अंश सुकवून सरसाच्या वड्या किंवा दाणे तयार करतात. सुतार ते रात्रभर थंड पाण्यात भिजत घालतो. सकाळी ते फुगून मऊ झाले की एका भांड्यात पाणी आणि त्यात दुसरे भांडे ठेवून, अप्रत्यक्ष उष्णतेने साधारण ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवतो. सरस उकळला तर त्याचे बळ नाहीसे होते. गरम असतानाच तो लावावा लागतो आणि तो थिजण्यापूर्वी सांधा जुळवावा लागतो. सुताराच्या कामाच्या जागी येणारा तो उग्र दर्प जुन्या पिढीतील वाचकांना आठवत असेल.

सरसाचा सांधा दुबळा नसतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जगभरचे जुने फर्निचर, तंतुवाद्ये आणि चित्रांच्या चौकटी याच द्रव्याने जोडल्या गेल्या. सोनेरी मुलाम्याच्या चौकटींवर सोन्याच्या वर्खाखाली जो पांढरा गुळगुळीत थर असतो, तोही खडूची भुकटी आणि सरस यांचाच. सरसाचे शत्रू दोन, ओल आणि उष्णता. दीर्घकाळ दमट हवेत तो मऊ पडतो, त्याला बुरशी येते आणि कीटकही त्याकडे ओढले जातात.

परंतु आपल्यासाठी प्रश्न केवळ टिकाऊपणाचा नाही. श्रावकाच्या आचारात ज्या १५ कर्मादानांचा त्याग सांगितला आहे, त्यांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य ही दोन नावे आहेत. दंतवाणिज्यात केवळ हस्तिदंतच नव्हे, तर प्राण्यांची हाडे, कातडी, केस अशा अवयवांचा व्यापारही येतो. सरस हे हाडांचे व कातडीचेच रूपांतर आहे. लाक्षा म्हणजे लाख. ती झाडाच्या फांदीवर राहणाऱ्या असंख्य सूक्ष्म कीटकांच्या स्रावापासून मिळते आणि ती काढताना त्या जीवांचा घात होतो. जुन्या लाकडी चौकटींना चकाकी देणारे स्पिरिट पॉलिश हे या लाखेचेच द्रावण असते. म्हणजे घरात अत्यंत श्रद्धेने लावलेल्या तसबिरीच्या सांध्यात हाडांचा अर्क आणि पृष्ठभागावर लाख, असे दोन्ही असू शकते, आणि पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही.

पूर्वजांपुढे पर्याय थोडे होते. बाभळीचा डिंक किंवा पिठाची खळ कागदाला चालते. भार वाहणाऱ्या लाकडाच्या सांध्याला ती पुरत नाही. आज मात्र पर्याय आहे, तो सर्वत्र मिळतो आणि चौकटीच्या कामात तो सोयीचाही आहे.

पांढऱ्या गोंदाचे आगमन

पॉलिव्हिनिल ॲसिटेट या रसायनाचा शोध १९१२ साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी लावला. या रसायनाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले की दुधासारखा पांढरा गोंद तयार होतो. तो लाकडाला लावला की पाणी लाकडात व हवेत निघून जाते, कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनतो आणि दोन लाकडे धरली जातात. हे रसायन कारखान्यात तयार होते. त्याच्या घडणीत प्राण्याचे शरीर लागत नाही.

आपल्या देशात हा गोंद सुताराच्या हाती पोहोचविण्याचे श्रेय मुख्यतः बळवंतराय कल्याणजी पारेख यांना जाते. सौराष्ट्रातील महुवा येथील या गृहस्थांनी मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतले, पण वकिली केली नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत त्यांनी शिपायाचे काम केले. पुढे १९५९ साली त्यांनी ‘फेव्हिकॉल’ बाजारात आणला. दुकानदाराच्या फळीवर डबा ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहण्याऐवजी थेट सुतारापर्यंत जाण्याचा मार्ग त्यांनी निवडला, हे व्यापारी वाचकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. भिजविणे नाही, तापविणे नाही, दर्प नाही, हा लाभ सुताराला समजावून सांगण्याची फारशी गरज पडली नसावी. पाहता पाहता सरसाची भांडी सुतारांच्या अंगणातून दिसेनाशी झाली.

तरीही गोंद बदलल्याने कोपरा आपोआप बळकट होत नाही. उत्तम गोंद वापरूनही कोपरे सुटतात, आणि त्याची कारणे गोंदाच्या डब्यात नसून लाकडात आणि मापात असतात.

कोपरा का सुटतो

पहिले कारण लाकडाच्या रचनेत आहे. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बारीक पोकळ तंतूंचा जुडगा. हे तंतू झाडाच्या उंचीच्या दिशेने जातात. पट्टीच्या लांबीला पट्टी चिकटविली तर तंतूंच्या कडा कडांना भिडतात आणि गोंद पृष्ठभागावर टिकतो. चौकटीच्या कोपऱ्यात मात्र दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत तिरप्या कापल्या जातात. त्या कापात तंतूंची तोंडे उघडी पडतात. ही तोंडे गोंद आत शोषून घेतात आणि सांध्याच्या मध्ये गोंद उरतच नाही. बाहेरून सांधा जुळलेला दिसतो. आतून तो उपाशी असतो.

दुसरे कारण कोनाचे. चार कोपऱ्यांच्या चौकटीत आठ काप असतात. प्रत्येक काप केवळ अर्ध्या अंशाने एकाच बाजूला चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात सारी चूक जमा होऊन ४ अंशांची होते. ५ सेंमी रुंद पट्टीच्या तिरप्या सांध्याची लांबी सुमारे ७ सेंमी असते. तेथे एका अंशाची चूक म्हणजे टोकाला सव्वा मिलिमीटरची फट. पांढरा गोंद फट भरण्यासाठी नसतो. सुकताना त्यातील पाणी निघून गेले की तो आकसतो, आणि जाड थरात त्याचे बळ राहत नाही.

तिसरे कारण हवेचे. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. पण लांबीत नव्हे, रुंदीत. पट्टी रुंदीत आकसली की ४५ अंशांचा काप ४५ अंशांचा राहत नाही आणि कोपऱ्याची फट आतल्या बाजूने उघडते. पट्टी फुगली तर हीच फट बाहेरच्या टोकाशी दिसते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बनविलेली चौकट खटाव-माणच्या कोरड्या हवेत आणली की काही महिन्यांत तिचे कोपरे आतून उघडू लागतात, ते याच कारणाने. पट्टी जितकी रुंद, तितका हा ताण अधिक. सागवानाची किंमत अधिक असते, पण हवेतील बदलाने ते फार कमी हलते, आणि चौकटीसाठी हा त्याचा मोठा गुण आहे.

चौथे कारण भाराचे. साध्या काचेचे वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो धरतात. ६० सेंमी × ९० सेंमी मापाच्या तसबिरीला ३ मिमी जाडीची काच घातली, तर एकट्या काचेचे वजन ४ किलोंहून थोडे अधिक भरते. हा भार खालच्या पट्टीवर टेकतो आणि ती पट्टी तो आपल्या दोन कोपऱ्यांवर टाकते. म्हणून तसबीर बहुधा खालच्या कोपऱ्यात सुटते. पांढरा गोंद सतत भाराखाली कणाकणाने सरकतो, हाही त्याचा एक स्वभाव आहे. आज न सुटलेला कोपरा दहा वर्षांनी सुटतो तो त्यामुळे.

बळकट कोपरा कसा साधावा

या चारही कारणांवर उपाय आहेत. ते सुताराला नवे नाहीत. घाईत ते वगळले जातात, इतकेच. गिऱ्हाइकाने आणि दुकानदाराने ते माहीत करून घेतले, तर वगळण्याची वेळ येणार नाही.

लाकूड प्रथम पूर्ण वाळलेले हवे. वखारीतून आणलेली पट्टी काही आठवडे ज्या हवेत तसबीर राहणार त्या हवेत ठेवावी. किडलेले लाकूड कधीही घेऊ नये. त्यात जीव असतात, आणि पोखरलेल्या लाकडात सांधाही धरत नाही. सागवानाच्या अंगात नैसर्गिक तेल असते. म्हणून त्याचा काप घेतल्यावर किंवा त्यावर रंधा फिरविल्यावर त्याच दिवशी गोंद लावावा. दिवस जाऊ दिले तर तेल पृष्ठभागावर येते आणि गोंद घसरतो.

समोरासमोरच्या दोन पट्ट्या लांबीत अगदी सारख्या असाव्यात. दोन्ही एकत्र धरून टोकांवरून बोट फिरवावे. नखाला लागेल इतका फरकही दुरुस्त करावा. पुढे गोंद न लावता चारही पट्ट्या मांडून पाहाव्यात. गुण्या लावून प्रत्येक कोपरा काटकोनात आहे का ते तपासावे आणि दोन्ही कर्ण मोजावेत. ६० × ९० सेंमीच्या चौकटीचा कर्ण सुमारे १०८.२ सेंमी येतो. दोन्ही कर्ण समान नसतील तर चौकट तिरकी आहे, आणि तिरक्या चौकटीत काच घातली की एक कोपरा कायमचा ताणाखाली राहतो.

गोंद दोनदा लावावा, हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम. प्रथम आठही कापांवर पातळ हात द्यावा आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. तंतूंची उघडी तोंडे तेवढा गोंद पिऊन घेतात आणि बंद होतात. त्यानंतर दुसरा हात द्यावा आणि मग सांधे जुळवावेत. आता लावलेला गोंद आत न जाता दोन कापांच्या मध्ये राहतो. हा एक टप्पा वगळल्याने जितके कोपरे सुटतात, तितके निकृष्ट गोंदाने सुटत नसतील.

त्यानंतर दाब. चारही कोपऱ्यांवर एकाच वेळी, समान दाब हवा. पट्ट्याचा शिकंजा असेल तर उत्तम. नसल्यास लाकडाचे चार लहान ठोकळे काटकोनात खाचून कोपऱ्यांवर बसवावेत, चौकटीभोवती सुतळीचे दोन-तीन वेढे द्यावेत आणि मधे काडी घालून पिळत जावे. सुतळी ताणली की चारही कोपरे एकाच वेळी आवळले जातात. सांध्यातून गोंदाचे बारीक थेंब सर्वत्र सारखे बाहेर आले, म्हणजे दाब योग्य आहे. थेंब आलेच नाहीत तर गोंद कमी पडला. दाब मात्र अति नको. सारा गोंद पिळून निघाला की सांधा पुन्हा उपाशी राहतो. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसावा, नाहीतर तेथे पॉलिश किंवा रंग बसत नाही. पुसून झाल्यावर कर्ण पुन्हा एकदा मोजावेत, कारण गोंद ओला असेपर्यंतच तिरकेपणा सुधारता येतो.

दाब किमान तासभर राहू द्यावा आणि पूर्ण बळ येण्यासाठी २४ तास चौकटीला हात लावू नये. काच, चित्र आणि कड्या त्यानंतरच. औंधसारख्या गावी थंडीच्या दिवसांत पहाटे हवा गार असते. फार गार हवेत पांढऱ्या गोंदाचे कण एकमेकांत मिसळत नाहीत आणि थर खडूसारखा भुसभुशीत होतो. तेव्हा असे काम दुपारच्या उबेत करावे.

शेवटी आधार. केवळ गोंदावर विसंबलेला तिरपा सांधा लहान छायाचित्राला पुरतो. मोठ्या तसबिरीला आणि आरशाला दुसरा आधार द्यावाच. दुकानांत यंत्राने मागच्या बाजूने इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे खिळे ठोकतात. ते सांध्याला आवळून धरतात. पण सुकताना धरून ठेवण्याचे काम त्यांचे, गोंदाचे काम ते करीत नाहीत. खिळे आहेत म्हणून गोंद वगळणे हा अर्धवट व्यवहार झाला. त्याहून चांगला उपाय असा की, गोंद सुकल्यावर कोपऱ्याच्या बाहेरील कडेत करवतीने आडवी फट पाडावी आणि तीत पातळ लाकडी चीप गोंद लावून बसवावी. या चिपेचे तंतू सांध्याला ओलांडून दोन्ही पट्ट्यांत जातात. आता कोपरा सुटायचा असेल तर चिपेचे तंतू आडवे तुटावे लागतील, आणि लाकूड तसे सहजासहजी तुटत नाही. त्याहूनही बळकट सांधा म्हणजे मागच्या बाजूने दोन्ही पट्ट्या अर्ध्या जाडीच्या खाचून एकमेकींवर बसविणे. समोरून ४५ अंशांची रेघ दिसते. मागे मात्र लाकडाच्या सपाट बाजू रुंद जागेवर एकमेकींना चिकटलेल्या असतात.

पॉलिशच्या बाबतीत लाखेचा त्याग करावयाचा असेल, तर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेनचे लेप मिळतात. जवसाचे तेलही लाकडाला शोभते. चकाकीसाठी मधमाश्यांचे मेणही वापरले जाते, हे लक्षात ठेवून कारागिराला आधीच सांगावे.

जुन्या चौकटींचे काय

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. घरात तीन-चार पिढ्यांपूर्वीची तसबीर आहे, तिचा एक कोपरा सैल झाला आहे, आणि सांध्यात बहुधा सरस आहे. तो काढून पांढरा गोंद भरावा काय?

वस्तूंचे जतन करणारे तज्ज्ञ याबाबतीत फार सावध असतात. सरस ऊब आणि ओल देऊन पुन्हा सोडविता येतो, म्हणजे झालेली दुरुस्ती उद्या उलटविता येते. पांढरा गोंद एकदा तंतूंत शिरला की तो पूर्ण निघत नाही. शिवाय जुन्या सरसाच्या थरावर नवा गोंद नीट धरतही नाही. संग्रहालयातील चौकटीबाबत निर्णय तज्ज्ञांचाच असतो आणि तेथे मूळ वस्तूचे सत्य जपणे हे त्यांचे कर्तव्य आहे. जे पूर्वी घडून गेले, ते आपण नव्याने घडवीत नाही. मात्र दुरुस्तीसाठी नवा सरस विकत आणायचा की नाही, हा निर्णय आजचा आणि आपला असतो.

घरच्या मोलाच्या जुन्या चौकटीसाठी मधला मार्ग आहे. सांध्याला मुळीच हात न लावता मागच्या बाजूने कोपऱ्यावर पितळेची किंवा लोखंडाची काटकोनी पट्टी लहान स्क्रूंनी बसवावी. भार पट्टी घेते, सांधा जसाच्या तसा राहतो, आणि पुढील पिढीला वाटले तर पट्टी काढताही येते. यात नवा सरस लागत नाही आणि जुन्या वस्तूची हानीही होत नाही. साधी, अलीकडची चौकट असेल तर कोपरा पूर्ण उघडावा, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने जुना सरस पुसून व खरवडून स्वच्छ लाकूड दिसू द्यावे, ते काही दिवस वाळू द्यावे आणि मग वर सांगितलेल्या रीतीने जोडावे.

दुकानदाराचा शब्द

फोटो फ्रेमच्या व्यवहारात गिऱ्हाईक पट्टीची नक्षी पाहते, रंग पाहते आणि भाव विचारते. कोपऱ्यात काय आहे, हे त्याला कधीच दिसत नाही. ज्या व्यवहारात एका बाजूला सारे ठाऊक असते आणि दुसऱ्या बाजूला काहीच ठाऊक नसते, तेथे व्यापाऱ्याचा शब्द हाच माल असतो. आजोबांचे छायाचित्र फ्रेम करून नेणारा मुलगा दुकानदारावर विश्वास ठेवून ते भिंतीवर लावतो. त्याखाली नातवंडे खेळतात. चार किलो काचेचा भार ज्या कोपऱ्यावर आहे, तो चोवीस तासांचा विसावा देऊन जोडला की अर्ध्या तासात खिळे मारून, हे दुकानदारालाच माहीत असते.

म्हणून हा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांना काही साध्या गोष्टी सहज करता येतील. गोंद, पॉलिश आणि तयार मोल्डिंग पुरविणाऱ्याकडे ‘यात प्राणिजन्य द्रव्य आहे काय’ अशी लेखी विचारणा करावी आणि उत्तर जपून ठेवावे. सगळेच गोंद पांढरे दिसतात. डब्याच्या रंगावरून निष्कर्ष काढू नये. गिऱ्हाइकाने विचारले तर खात्रीने सांगता यावे, आणि खात्री नसेल तर तसेही सांगता यावे. मोठ्या तसबिरीच्या पावतीवर काचेची जाडी आणि कोपऱ्याला दिलेला आधार यांची नोंद करावी. ‘आजच पाहिजे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘उद्या देतो’ म्हणण्यात त्या दिवशीचा एखादा सौदा जाईल. वीस वर्षांनी त्याच घरातील पुढची तसबीर मात्र आपल्याच दुकानात येईल. आणि जी चौकट दोन पिढ्या टिकते, तिच्यासाठी दुसऱ्या झाडाची फांदी तोडावी लागत नाही, हा लाभ हिशेबाच्या वहीत मांडला जात नसला तरी खरा आहे.

ज्यांचा हा व्यापार नाही, त्यांनी एवढे करावे. या आठवड्यात घरातील एखादी मोठी तसबीर दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन भिंतीवरून उतरवावी. ती उलटी करून मऊ चादरीवर ठेवावी. खालचे दोन कोपरे पाहावेत. सांध्यात नखाची कड जाते काय, पट्टी हलते काय, कड्या व दोरी घट्ट आहेत काय, हे तपासावे. कोपरा हलत असेल तर तसबीर पुन्हा भिंतीवर न लावता प्रथम चांगल्या कारागिराकडे न्यावी; आणि त्याच्याकडे गेल्यावर भाव विचारण्यापूर्वी गोंद कोणता लावणार आणि चौकट किती वेळ सुकू देणार, हे दोन प्रश्न विचारावेत.